बहिरेपणाची मोजदाद

आंधळ्या मनुष्याच्या हातांत काठी असते आणि लंगड्याची चाल लांबूनहि ओळखूं येते. परंतु ज्याला कमी ऐकूं येतें असा मनुष्य चारचौघांत बसला असतां तो कोणता, हें कोणालाहि सांगतां येत नाहीं. पुष्कळ वेळां त्याचें त्यालाहि सांगतां येत नाहीं. प्रौढ वयांत येणारा बहिरेपणा किती लोकांना आहे, या साध्या प्रश्नाचें धड उत्तर मिळण्यास जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं, याचें मुख्य कारण हेंच. जन्मतः मुक्याबहिऱ्या असलेल्या माणसांची गणना एकोणिसाव्या शतकांतच होऊं लागली होती. पण चाळिशी-पन्नाशीनंतर ज्यांचे कान हळूहळू मंद होत जातात, त्यांचा हिशेब कोणीच ठेवीत नसे. म्हातारपणीं कान जावयाचेच, त्यांत मोजावयाचें तें काय, अशी सर्वत्र समजूत होती.

म्हातारपण नसतांहि कान जातात, हें प्रथम नजरेस आलें तें कारागिरांमध्यें. इटलींतील बेर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याचा कामकऱ्यांच्या रोगांवरील ग्रंथ १७०० सालीं प्रसिद्ध झाला आणि १७१३ मध्यें त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. व्हेनिस शहरांत तांबटांची स्वतंत्र वस्ती होती. दिवसभर तांब्यावर हातोडा चालवून या लोकांना कमी ऐकूं येऊं लागतें आणि उतारवयांत ते ठार बहिरे होतात, असें रामाझिनीनें नमूद करून ठेविलें आहे. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींतून जो कामाच्या वेळीं एकदां गेला आहे, त्याला या नोंदीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. (त्या ठोक्यांची लय ज्याच्या कंठांत आहे त्या पक्ष्यालाहि आपल्या भाषेनें तांबटच म्हटलें आहे.) रामाझिनीनें पाहिलें, लिहिलें आणि तो पुढच्या धंद्याकडे वळला. शंभर तांबटांपैकीं किती जण बहिरे होतात, हा प्रश्न त्याच्या लिखाणांत नाहीं. रोग मोजण्याची दृष्टि त्या काळीं वैद्यांना अजून यावयाची होती.

दुसरी अडचण लपवालपवीची. बीथोव्हेन या जर्मन संगीतकाराला तिशी येण्यापूर्वींच कानाची पीडा जाणवूं लागली. आपण बहिरे आहोंत हें लोकांना सांगणें अशक्य वाटल्यामुळें आपण बैठका-मेळावे टाळीत आलों, असें त्यानें १८०१ मध्यें एका मित्राला कळविलें. दुसऱ्या वर्षीं त्यानें आपल्या भावांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिलें. तें त्यानें कधींच पाठविलें नाहीं व त्याच्या मृत्यूनंतर, १८२७ मध्यें, त्याच्या कागदपत्रांत सांपडलें. ज्याचा धंदाच नादाचा, त्याची ही स्थिति समजण्यासारखी आहे. पण राजांची गोष्टहि निराळी नव्हती. गोवा ज्याच्या राज्याचा भाग होता तो पोर्तुगालचा राजा सहावा जोआंव याच्यासाठीं लंडनच्या राइन नांवाच्या कारागिरानें १८१९ मध्यें एक सिंहासन तयार केलें. त्याचे हात पोकळ असून त्यांच्या टोकांना जबडा उघडलेले सिंह कोरलेले होते. दरबारी मनुष्यानें गुडघे टेकून सिंहाच्या तोंडांत बोलावयाचें आणि तो आवाज आंतल्या नळीनें राजाच्या कानापर्यंत पोहोंचावयाचा, अशी योजना होती. राजाचा कान अधू दिसण्याऐवजीं बोलणारा नम्र दिसे! पुढें याच शतकांत पंख्यांत, टोपींत, हातांतल्या काठींत दडविलेले ऐकण्याचे कर्णे युरोपांतील श्रीमंत लोक विकत घेऊं लागले. हॅरिएट मार्टिनो या इंग्रज लेखिकेनें मात्र आपला कर्णा कधीं लपविला नाहीं. १८३४ मध्यें तिनें बहिऱ्या माणसांना उद्देशून एक अनावृत पत्र छापलें आणि आपलें व्यंग उघड मान्य करा, असा त्यांना सल्ला दिला. तिच्यासारखीं माणसें अगदींच थोडीं. जें व्यंग लपवितां येतें तें मनुष्य लपवितो, आणि लपविलेल्या गोष्टीची शिरगणती होत नाहीं.

शिरगणतीचा उद्योग सरकारांनीं हातीं घेतला, तेव्हां त्यांची नजर निराळ्याच ठिकाणीं होती. आयर्लंडमध्यें १८५१ च्या खानेसुमारींत मुक्याबहिऱ्यांची बारकाईनें मोजदाद झाली. ती करविणारा विल्यम वाइल्ड हा स्वतः कानाचा नामांकित शस्त्रवैद्य होता. (नाटककार ऑस्कर वाइल्ड याचा तो पिता.) परंतु त्याच्याहि कोष्टकांचा रोख वाचेला मुकलेल्या माणसांवर होता. हिंदुस्थानांत इंग्रजी अमदानींत जी खानेसुमारी सुरू झाली, तींत १९३१ पर्यंत वेडे, मुकेबहिरे, आंधळे आणि महारोगी असे व्यंगांचे चार वर्ग असत, आणि मुकाबहिरा म्हणजे जन्मापासूनचाच, असा दंडक होता. साठाव्या वर्षीं ज्याचे कान गेले तो शेतकरी, गिरणींतला विणकर किंवा निवृत्त कारकून या वर्गांत बसतच नव्हता. त्यामुळें १९११ सालीं एवढ्या मोठ्या देशांत मुक्याबहिऱ्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास भरली. ही संख्या एका अर्थानें खोटी नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचेंच तें उत्तर होतें. त्याच वर्षीं इंग्लंडांत खानेसुमारीच्या तक्त्यांत ‘पूर्ण बहिरा’ असाहि एक शब्द घालून पाहण्यांत आला. पण घरचा कर्ता पुरुष अशा रकान्यांत काय लिहील याचा भरंवसा नसल्यामुळें १९२१ पासून तेथें व्यंगांचा रकानाच काढून टाकण्यांत आला.

घरोघर विचारण्याऐवजीं माणसाचा कानच तपासून पाहावा, ही कल्पना ग्लासगो शहरांतील डॉक्टर टॉमस बार यानें १८८६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत स्पष्ट दिसते. ग्लासगो म्हणजे जहाजें बांधण्याचें शहर. बाष्पपात्रें तयार करतांना लोखंडाचे जाड पत्रे खिळ्यांनीं जोडावे लागत. एक जण बाहेरून घण घाली आणि दुसरा त्या पोलादी पिंपाच्या आंत बसून खिळा दाबून धरी. मोठ्या घंटेच्या पोटांत बसून ती बडविली जात असतां काय होईल, त्याचीच ही आवृत्ति, आणि तीहि रोज दहा-दहा तास. बार यानें असे शंभर कामकरी, ओतशाळेंतले शंभर कामकरी आणि शंभर टपालवाले निवडले. उपकरण म्हणजे त्याच्या खिशांतील घड्याळ. घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकूं येते, तें त्यानें प्रत्येकाच्या बाबतींत मोजलें. बाष्पपात्रें करणाऱ्या शंभरांत निर्दोष कानाचा एकहि मनुष्य त्याला आढळला नाहीं. सभेंत किंवा प्रार्थनामंदिरांत चाललेलें भाषण ऐकतांना अडचण पडते, किंवा तें मुळींच ऐकूं येत नाहीं, असें त्यांच्यांतील सुमारें तीनचतुर्थांश लोकांनीं सांगितलें. टपालवाल्यांत अशी तक्रार करणारे अगदीं थोडे निघाले.

या पाहणीचें महत्त्व एवढ्यानेंच संपत नाहीं. बार यानें तीन निरनिराळे धंदे शेजारीं शेजारीं ठेवले, ही तिच्यांतील खरी बुद्धिमत्तेची गोष्ट. केवळ बाष्पपात्रवाले तपासले असते, तर वयाचा परिणाम किती आणि घणाचा किती, हें सांगतां आलें नसतें. रस्त्यानें हिंडणारा टपालवाला हा त्याच्या तराजूंतला दुसरा पारडा होता. खर्च जवळजवळ कांहीं नाहीं, यंत्र एक साधें घड्याळ. पण पुढील शंभर वर्षांतील मोठमोठ्या पाहण्यांची बीजें येथें आहेत. कारखान्यांत कानांचें रक्षण करण्याचे सक्तीचे कायदे मात्र बहुतेक देशांत विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडेपर्यंत झाले नाहींत.

गोंगाटापासून दूर राहिलेल्या माणसांचें काय? याचें उत्तर एका शिटींतून निघालें. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७६ च्या सुमारास एक बारीकशी शीळ बनविली. तिचा सूर इच्छेप्रमाणें चढवितां येई; इतका कीं शेवटीं तो माणसाला ऐकूं येईनासा व्हावा आणि कुत्र्याला ऐकूं यावा. ती काठीच्या टोकाला बसवून तो प्राणिसंग्रहालयांत हिंडे आणि कोणता प्राणी कान टवकारतो तें पाही. माणसांवरहि त्यानें हाच प्रयोग केला. जमलेल्या मंडळींत तरुण माणसांना सूर स्वच्छ ऐकूं येत असतांना वडीलधारीं माणसें शीळ वाजतच नाहीं म्हणून बसत, आणि आपल्या कानांत उणें आहे असें कोणी सुचविलें तर त्यांना राग येई. गॉल्टनला त्यांत मौज वाटली, तसें त्यानें १८८३ मध्यें छापलेल्या पुस्तकांत म्हटलें आहे. मौजेपलीकडे त्यांत बरेंच कांहीं होतें. पुढें हॉलंडमधील उट्रेख्टच्या झ्वार्देमाकर या संशोधकानें १८९० नंतरच्या दशकांत पद्धतशीर प्रयोग करून दाखविलें कीं, वय वाढतें तशी ऐकूं येणाऱ्या सुरांची वरची मर्यादा सर्वांचीच हळूहळू खालीं येत जाते.

असें कां होतें, तें आतां चांगलें समजलें आहे. अंतःकर्णांत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यांत एका कानांत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केसाळ पेशी असतात आणि नादाचें रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशांत त्याच करतात. उंच सूर टिपणाऱ्या पेशी नळीच्या दाराशींच असतात व त्या प्रथम झिजतात. एकदां नष्ट झालेली पेशी मनुष्याच्या कानांत पुन्हां उत्पन्न होत नाहीं. भाषेंतील स्वर बहुतेक खालच्या सुरांचे असतात. स, श, ख, ठ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख मात्र उंच आणि क्षीण नादांवर अवलंबून असते. त्यामुळें आवाज ऐकूं येतो पण शब्द समजत नाहीं, अशी विचित्र अवस्था उत्पन्न होते. ‘सात’ म्हटलें कीं ‘साठ’, हें कळेनासें होतें. घरांतील वृद्ध मनुष्य “जरा मोठ्यानें बोला” असें न म्हणतां “हल्लींचीं मुलें तोंडांतल्या तोंडांत बोलतात” असें म्हणतो, आणि तें तो अगदीं प्रामाणिकपणें म्हणत असतो. रेडिओची कळ तो थोडी थोडी पुढें सरकवितो व दोष यंत्राला देतो. दहा-पंधरा वर्षांत इतक्या सावकाशीनें झालेला फरक ज्याचा त्याला न कळणें स्वाभाविक आहे.

म्हणून माणसाच्या सांगण्यावर विसंबून न राहतां मोजणारें यंत्र हवें होतें. १८७९ मध्यें ह्यूज यानें टेलिफोनचा उपयोग करून असें एक उपकरण तयार केलें होतें. पण खरी सोय झाली ती १९२० नंतर, अमेरिकेंत बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळांत. हार्वे फ्लेचर व त्याच्या सहकाऱ्यांनीं श्रवणमापक यंत्र सिद्ध केलें आणि नादाच्या मोजमापाला डेसिबल हें एकक मिळालें. या एककांत दहाची वाढ म्हणजे नादाची शक्ति दसपट होणें. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याचें नांव या शब्दांत आहे. त्याची आई बहिरी होती व पत्नीहि बहिरी होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे हें नांव योग्यच ठिकाणीं गेलें असें वाटतें.

आणि मग १९३९ मध्यें न्यूयॉर्क व सॅनफ्रान्सिस्को येथें मोठीं प्रदर्शनें भरलीं. त्यांत टेलिफोन कंपनीनें आपल्या दालनांत छोट्या बंदिस्त खोल्या ठेवल्या. प्रेक्षकानें आंत बसून कानाला श्रवणनळी लावावयाची, क्रमाक्रमानें क्षीण होत जाणारे सूर ऐकावयाचे आणि जें ऐकूं आलें तें छापील पत्रिकेवर लिहावयाचें. लोकांना ती करमणूक वाटली व दोन हंगामांत पांच लाखांहून अधिक माणसांनीं हौसेनें आपले कान मोजून घेतले. इतक्या माणसांचें श्रवण यापूर्वीं कधींच मोजलें गेलें नव्हतें. वयाबरोबर उंच सूर कमी ऐकूं येतात आणि स्त्रियांपेक्षां पुरुषांत ही घट अधिक असते, हें या अफाट सामग्रींतून निर्विवाद ठरलें. चौकशीच्या कागदावर जो आपला कान लपवितो, तोच मनुष्य जत्रेंतल्या खेळांत तो आपण होऊन पुढें करतो, हा मनुष्यस्वभावाचा एक गमतीचा भाग म्हणावयाचा.

पाठोपाठ दुसरें महायुद्ध आलें आणि तोफांनीं, विमानांनीं हजारों तरुण सैनिकांचे कान निकामी केले. अमेरिकन लष्करानें त्यांच्यासाठीं तीन खास रुग्णालयें चालविलीं. श्रवणशास्त्र हें स्वतंत्र शास्त्र म्हणून उभें राहिलें तें त्यांतूनच. इंग्लंडांत ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हां सरकारनें ‘मेड्रेस्को’ नांवाचें श्रवणयंत्र मोफत देण्यास आरंभ केला. मागणी इतकी आली कीं लोकांना बरेच दिवस वाट पाहावी लागली. फुकट यंत्र मिळतें म्हटल्याबरोबर लपलेली गरज दाराशीं येऊन उभी राहिली.

युद्धानंतरच्या संशोधनांत एक निराळा सूरहि निघाला. न्यूयॉर्कचे कर्णवैद्य सॅम्युएल रोझेन यांनीं सुदानच्या आग्नेय भागांतील माबान जमातीच्या लोकांचे कान तपासून १९६२ मध्यें आपले निष्कर्ष मांडले. या लोकांच्या गांवांत यंत्रें नव्हतीं व बंदुकाहि नव्हत्या. तेथील वृद्धांचें श्रवण अमेरिकेंतील त्याच वयाच्या नागरिकांपेक्षां पुष्कळच चांगलें निघालें. याचें श्रेय शांततेला किती आणि आहाराला किंवा वंशाला किती, याविषयीं वाद झाला व तो पूर्णपणें मिटलेला नाहीं. पण म्हातारपण आलें कीं कान गेलेच पाहिजेत, ही जुनी खात्री मात्र त्यानंतर तितकीशी पक्की राहिली नाहीं.

संबंध लोकसंख्येंतून नमुना निवडून, प्रत्येकाचा कान यंत्रानें मोजण्याच्या पाहण्या विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत झाल्या. ब्रिटनमधील पाहणीचे आंकडे एड्रियन डेव्हिस यांनीं १९८९ मध्यें प्रसिद्ध केले. सतरा ते ऐंशी वर्षांच्या प्रौढांत शेंकडा १६ जणांचे दोन्ही कान २५ डेसिबलांहून अधिक मंद निघाले. म्हणजे सहांतील एक. अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांतील बीव्हर डॅम या छोट्या गांवांत १९९३ ते १९९५ या काळांत ४८ ते ९२ वयाच्या लोकांची तपासणी झाली. त्यांत शेंकडा ४५.९ जणांना श्रवणदोष होता. संबंध अमेरिकेच्या २००१ ते २००८ या काळांतील तपासणीवरून बारा वर्षांवरील जवळजवळ तीन कोटि लोकांचे दोन्ही कान मंद असल्याचा अंदाज निघाला व दर दहा वर्षांच्या वयोगटागणिक हें प्रमाण सुमारें दुप्पट होत जातें असें दिसलें. जागतिक आरोग्य संघटनेनें मार्च २०२१ मध्यें श्रवणावरील आपला पहिला जागतिक अहवाल काढला. त्याप्रमाणें थोडाबहुत श्रवणदोष असलेलीं माणसें जगांत दीडशें कोटींवर आहेत. त्यांपैकीं ४३ कोटींचा दोष उपचार किंवा साह्य लागावें इतका आहे. आणि साठीपलीकडील माणसांत हें दुसरें प्रमाण चारांत एकाहून अधिक आहे. ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होईल, त्यांच्यापैकीं पांचांतल्या एकालासुद्धां तें मिळत नाहीं. मेंदूच्या ऱ्हासाचा व मंद श्रवणाचा संबंध असल्याचें अलीकडच्या संशोधनांत वारंवार आढळलें आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानें स्मृतिभ्रंशाच्या टाळतां येण्याजोग्या कारणांत त्याला वरचें स्थान दिलें. ज्याला शब्द समजत नाहीं त्याला लोक बुद्धिमंद समजतात, आणि तो स्वतः माणसांत जाणें सोडतो, हें दुःख तर कोणत्याहि आयोगापूर्वींपासून घरोघर ठाऊक आहे.

हिंदुस्थानच्या खानेसुमारीची पुढची हकीकत अजब आहे. १९४१ पासून व्यंगांची गणना बंद झाली. १९८१ मध्यें ती पुन्हां झाली तेव्हां पूर्ण अंध, पूर्ण पंगु आणि पूर्ण मुके असे तीन वर्ग करण्यांत आले. बहिऱ्यांना त्यांत जागाच नव्हती. २००१ मध्यें श्रवणदोषाचा प्रश्न प्रथमच विचारला गेला व १२ लाख ६० हजार माणसें भरलीं. २०११ मध्यें तीच संख्या ५० लाख ७० हजार झाली. दहा वर्षांत देशांतील कान चौपट बिघडले असें अर्थात् नाहीं. व्याख्या बदलली होती: उदाहरणार्थ, श्रवणयंत्र लावून ऐकणारा मनुष्य पहिल्या वेळीं धडधाकट धरला होता, तो दुसऱ्या वेळीं गणनेंत आला. प्रश्न विचारण्याची रीतहि सुधारली होती.

तरीहि बधिरतेच्या प्रतिबंधासाठीं २००७ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कागदांत जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाचा जो आंकडा दिलेला आहे, तो ६ कोटि ३० लाखांचा आहे. एकाच देशांतील हे दोन आंकडे बारापटींनीं भिन्न आहेत. दोन्हींच्या मध्यें जीं माणसें आहेत, त्यांतील बहुतेक प्रौढ व वृद्ध आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणें दोन्ही कानांत ६० डेसिबलांची घट झाल्याशिवाय मनुष्य कर्णदोषी ठरत नाहीं. आरोग्य संघटनेच्या मतें चांगल्या कानांत २० डेसिबलांपासून दोषाला आरंभ होतो आणि ३५ च्या पुढें तो अडचणीचा ठरतो. पन्नास डेसिबल घट झालेल्या मनुष्याला समोरासमोर चाललेलें साधें बोलणें नीट कळत नाहीं. तो या दोन रेषांच्या मध्यें उभा असतो. खानेसुमारीचा गणक दारांत येतो तेव्हां उत्तरें देतो तो बहुधा घरांतला कर्ता मुलगा. घरांत कोणाला कमी ऐकूं येतें काय, असें गणक विचारतो आणि मुलगा नाहीं म्हणून सांगतो. माजघरांत बसलेल्या आजोबांना प्रश्नहि ऐकूं आलेला नसतो आणि उत्तरहि.